सीएसआर कुठे, कामगार कुठे?

डिसेंबर २०२१ मध्ये शेकडो तरुणींनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग अडवला. तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यात त्या अ‍ॅपलचे आयफोन जोडत. भांडण पगारवाढीचे नव्हते, ताटातल्या अन्नाचे होते. वसतिगृहातल्या जेवणातून अडीचशेहून अधिक जणींना विषबाधा झाली होती. एका खोलीत सहापासून तीसपर्यंत जणी, झोपायला फरशी, काही शौचालयांत पाण्याचा पत्ता नाही, हे रॉयटर्सच्या बातमीने चव्हाट्यावर आणले. जेवणघरे आणि वसतिगृहे आपल्या निकषांत बसत नसल्याचे अ‍ॅपलने मान्य केले आणि कारखान्याला देखरेखीखाली ठेवले. निकष आधीपासून होतेच. ते खोलीपर्यंत पोहोचले नव्हते.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. शाळेला संगणक, गावाला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, वृक्षारोपण असा हा सीएसआर, म्हणजे सामाजिक दायित्वाचा खर्च, अहवालात छान दिसतो. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च मात्र त्यात धरत नाहीत. ते योग्यच आहे. कामगाराची खोली आणि ताट हा दानधर्म नव्हे, उत्पादनाचाच खर्च आहे. पण ब्रँड पुरवठादाराचे दर पिळतो, पुरवठादार ठेकेदाराचे, आणि ठेकेदार आपली कसर डाळभाजीत भरून काढतो.

पुढे तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट या औद्योगिक महामंडळाने श्रीपेरुंबुदूरजवळच्या वल्लम वडगालला १८,७२० महिला कामगारांसाठी वसतिगृह बांधले. खर्च सुमारे ७०६ कोटी रुपये. उद्घाटन १७ ऑगस्ट २०२४ रोजी. काम चांगलेच झाले. तरीही फोनचा नफा ब्रँडचा आणि निवाऱ्याची जबाबदारी सरकारची, ही वाटणी कशी पटावी?

याच राज्यातल्या दिंडीगुलने वेगळी वाट दाखवली. तिथल्या तयार कपड्यांच्या कारखान्यातल्या एका कामगार तरुणीच्या हत्येनंतर २०२२ मध्ये महिलांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटना, कारखानदार आणि एच अँड एम हा कपड्यांचा ब्रँड यांच्यात बंधनकारक करार झाला. छळाच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला कामगार महिलांनाच प्रशिक्षण मिळाले आणि करार मोडला तर कारखान्याच्या धंद्यावर परिणाम होईल, अशी तरतूद झाली. उपाय इथे योग्य जागी लागला, कारण त्याच्यासोबत कामगारांच्या हाती अधिकारही आला.

पुण्याजवळच्या चाकण-रांजणगावच्या कंपन्यांचे सीएसआर अहवाल वाचणाऱ्यांनी लावलेल्या झाडांचा आकडा नंतर पाहावा. ठेकेदाराकडचे कामगार कुठे राहतात, काय खातात आणि तक्रार कोणाकडे करतात, हे आधी विचारावे.