मढला जाल तेव्हा कोळीवाड्यातही जा



सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी तोच प्रश्न, जायचं कुठे? थंड हवेच्या ठिकाणी खर्च फार. गावी जावं तर तिथेही चूल आपल्याच गळ्यात. मग कुणीतरी म्हणतं, “चला, मढला एक बंगला घेऊ दोन दिवस.” बंगल्याला माझी हरकत नाही. पण ज्या ज्या मैत्रिणी असं मढला जाऊन आल्या त्यांची हकिकत ऐकावी तर एकच! पुरुषमंडळी पत्ते कुटत बसलेली, मुलं पाण्यात, आणि या बिचाऱ्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात वीस माणसांच्या पोळ्या लाटताहेत. पोळ्याच लाटायच्या तर घरचं पोळपाट काय वाईट होतं?

म्हणून आज मी तुम्हांला एका दिवसाची सहल सांगणार आहे. सकाळी निघा, संध्याकाळी परत या, आणि डब्यात फार तर दशम्या-चटणी. मालाडहून मालवणी-मार्वेमार्गे बेस्टची बस जाते. पण मुलं बरोबर असतील तर वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीने जावं. मधे मालाडची खाडी, काही मिनिटांचा प्रवास. होडीत माणसं, सायकली, स्कूटर, मासळीच्या टोपल्या, सगळं एकत्र. आमच्या कन्येला ही होडीच इतकी आवडली की पलीकडे पोचल्यावर तिने विचारलं, “आता परत जायचं का?”

मढ आता बेट म्हणायचं ते नावाला. मालाडच्या बाजूने सरळ डांबरी रस्ता आहे. पण तीन बाजूंना पाणी आहेच, आणि मढ, भाटी, एरंगळ, आक्सा ही गावं मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही गावंच वाटतात. टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या फेब्रुवारीत, तो मराठ्यांनी घेतला. इतिहासाचा तास घेणाऱ्या मला तो आतून पाहायचा होता, पण किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच बघावा लागतो. बाहेरून बघा आणि पुढे चला. सिनेमाच्या शूटिंगच्या बंगल्यांपुढेही फार वेळ उभं राहू नका. खरं बघण्यासारखं आहे ते कोळीवाड्यात.

कोळीवाड्यात गेलात की पहिल्यांदा दिसतात त्या वलांड्या. बांबू उभे-आडवे बांधून त्यांवर दोऱ्या ताणलेल्या, आणि त्या दोऱ्यांवर हजारोंनी बोंबील टांगलेले. टांगायची रीत बघून ठेवा. दोन बोंबील घेऊन एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. ना खिळा, ना दोरा! बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. उन्हात आणि वाऱ्यात दोन-तीन दिवस राहिला की त्याची काडी होते. मीठसुद्धा लागत नाही. हे सगळं काम बायकांचं. सकाळी टांगायचे, उलटसुलट करायचे, आभाळ आलं की धावत जाऊन काढायचे. आपले पापड-कुरडया गच्चीवर असताना आभाळ भरून आलं की आपला जीव कसा वरखाली होतो? इथे तर वर्षाची कमाई वलांडीवर लटकत असते. हे पाहायचं तर दिवाळीनंतर मार्च-एप्रिलपर्यंत जा. पावसाळ्यात नुसते बांबू दिसतील.

आमच्या इमारतीत येणारी कोळीणमावशी मढची. बारा वर्षं मी तिच्याकडून मासळी घेते आहे. भावावरून आमच्या जिन्यात रोज महाभारत. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी बोंबलाचा वाटा निम्म्या भावात मागितला, तेव्हा ती टोपली उचलत एवढंच म्हणाली, “बाय गो, एकदा दर्यावर येऊन बघ, मंग भाव कर.” मी मनावर घेतलं, आणि गेले.

मढला मोठी मासेमारी आहे ती डोलीची. डोल म्हणजे भलंमोठं पिशवीसारखं जाळं, तोंड रुंद आणि शेपटी निमुळती. समुद्रात रोवलेल्या खुंटांना त्याचं तोंड बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने पाणी आत शिरतं, आणि पाण्याबरोबर बोंबील, मांदेली, करंदी, जवळा. पाणी फिरण्याच्या आत जाळं ओढून घ्यायचं. म्हणजे घड्याळ कोणाचं? चंद्राचं! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जोराची, मासळी भरपूर. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद, डोलीत फारसं काही लागत नाही. तेव्हा एका आठवड्यात बोंबील स्वस्त आणि पुढच्या आठवड्यात महाग झाला तर मावशीच्या नावाने बोटं मोडण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा.

होडी किनाऱ्याला लागली की पुरुषाचं काम संपतं आणि बाईचं सुरू होतं. निवडणं, लिलावात बोलणं, बर्फात घालणं, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणं, उधारी वसूल करणं, सगळं तिच्याकडे. पैशाची पिशवीही तिच्याच कमरेला. ह्यांना मी ते मुद्दाम दाखवलं. हे म्हणाले, “आपल्याकडे निराळं काय आहे?” असो.

त्या पिशवीतून काय काय जातं, तेही तिथे ऐकलं. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, होडीच्या कर्जाचा हप्ता, फाटलेलं जाळं. शिवाय १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्र बंद. माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला दर्या, दोन्हींसाठी ती बंदी योग्यच आहे. पण तेवढे दिवस घर चालवायचं ते साठवणीतल्या सुक्या मासळीवर आणि उसनवारीवर. शिक्षिकेला मे महिन्याचा पगार मिळेल की नाही, या प्रश्नाने अर्धवेळ नोकरीतल्या माझ्यासारखीची झोप उडते. इथे दोन महिने ठरलेलेच कोरडे. हल्ली आणखी एक दुखणं आहे. डोलीत मासळीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या येतात. त्या निवडत बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, “ही तुमच्या बिल्डिंगची मासली.” मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

घासाघीस करूच नका असं मी म्हणणार नाही. भाजीवाल्याशी करतो तशी चार-पाच रुपयांची गोडीगुलाबीची घासाघीस तिलाही आवडते, त्याशिवाय व्यवहार अळणी लागतो. पण निम्म्याने मागणं सोडावं. एक मात्र जरूर करा. तळहाताएवढं पापलेट स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. ते पिल्लू असतं. एकदाही वीण न होता ते आपल्या तव्यावर आलं, तर पुढच्या वर्षी मोठं पापलेट येणार कुठून? २०२३ साली महाराष्ट्र सरकारने पापलेटाला राज्यमासा ठरवलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान लांबीही ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पण कायदा समुद्रात जितका चालतो त्याहून जास्त आपल्या दारात चालेल. गिऱ्हाईकच नसलं तर पिल्लू टोपलीत येणार नाही. मावशीला मी हे बोलले तेव्हा ती म्हणाली, “तुमी बायांनी ‘नको’ बोला, मंग आमी पुरुषांना बोलू.”

आता खरेदीचं. मासा घेताना कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. डोळा चकचकीत आणि फुगीर. बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबल्यावर पांढरट पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर शिळं. बोंबील पांढराशुभ्र, किंचित गुलाबी छटेचा असावा. पिवळट पडला असेल तर सोडून द्या. तिसऱ्या घट्ट मिटलेल्या घ्या. खेकडा हातात जड लागला पाहिजे. ओले बोंबील तळायचे तर मधोमध चिरून, काटा काढून, स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि वर पाट ठेवून त्यावर वरवंटा ठेवा. अर्ध्या तासात पाणी निघून जातं, मग हळद, तिखट, मीठ, चिंचेचा कोळ लावून तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवा. तव्यावर मोडणार नाहीत. कोळ्यांकडे कालवणात आपल्यासारखा नारळाचा मारा नसतो. ठेचलेला लसूण, घरचा मसाला, चिंच आणि पातळ रस्सा. सोबत तांदळाची भाकरी. कोळीवाड्यात काही घरांत आधी सांगितलं तर जेवण करून देतात. तिथेच जेवा. पोरं “आई, तुझ्यापेक्षा छान” म्हणतील, तेवढं ऐकून घ्या.

जेवण झालं की एरंगळ. किनाऱ्यावरच सोळाव्या शतकातलं सेंट बोनाव्हेंचरचं चर्च आहे. जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते, आणि ख्रिस्ती मंडळींबरोबर हिंदू कोळीही येतात. इथले ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. घरात बोलतात ती मराठीच, थोड्या निराळ्या वळणाची. त्यांच्या बायका उन्हाळ्यात वीसेक जिन्नस भाजून, कुटून वर्षाचा मसाला करतात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नावच बाटलीचा मसाला. कुणाची ओळख निघाली तर एक बाटली मागून घ्या.

समुद्रात पाय भिजवायचे तर एरंगळलाच भिजवा. आक्साला मुलांना पाण्यात सोडू नका. हे मी शाळेतल्या आवाजात सांगते आहे. दिसायला किनारा लांबरुंद आणि शांत, पण पायाखालची वाळू सरकते, मधेच खड्डे असतात आणि ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. दरवर्षी तिथे कुणी ना कुणी बुडाल्याची बातमी येते, आणि बुडणाऱ्यांत तरुण मुलंही असतात. जीवरक्षक शिट्टी वाजवतात ती उगीच नाही. आपल्या घरच्या पुरुषांना ‘काही होत नाही’ म्हणायची सवय असते. तिथे तेवढं त्यांचं ऐकू नका.

भरती-ओहोटी ओळखायची एक जुनी युक्ती आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता साधारण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला बाराच्या आत-बाहेर. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुलांकडून हे गणित करून घ्या, अपूर्णांक कधी नव्हे ते आवडीने करतील. अर्थात निघण्यापूर्वी वर्तमानपत्रातली वेळ पडताळावी. मधल्या सहा तासांत पाणी उतरत असतं, तेव्हा कोणीही गुडघ्यापुढे जायचं नाही.

थोडं बायकांपुरतं. किनाऱ्यावर स्वच्छ प्रसाधनगृह मिळेल या भरवशावर राहू नका. जेवायला ज्या घरी जाल तिथेच सोय पाहून घ्या. नायलॉनची साडी नको, सुती नेसा किंवा सरळ पंजाबी ड्रेस घाला, वाळू आणि वारा दोन्ही सोसतात. वाळत घातलेल्या जाळ्यांवर चपलेचा पाय देऊ नका. आणि काम करणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपण अंबाडा सुटलेल्या अवतारात भांडी घासताना कुणी काढला तर चालेल का?

परतताना सुके बोंबील आणि जवळा घेतल्याशिवाय येऊ नका. बोंबील वाकवून बघा, कट्कन मोडला तर नीट वाळलेला. लवचीक असेल तर आठवड्यात बुरशी येईल. आधी वर्तमानपत्रात, मग कापडी पिशवीत गुंडाळा, म्हणजे बसमधले शेजारी उठून जाणार नाहीत. घरी आल्यावर डोकी-शेपट्या कापून दोन दिवस कडक ऊन द्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डबा स्वयंपाकघरात न ठेवता बाल्कनीच्या कपाटात ठेवलेला बरा. शेजारी शाकाहारी असतील तर ऊन गच्चीवर देताना त्यांच्या पापडांपासून चार हात लांब. जवळा मात्र वाळवण्याआधी चाळून घ्या, बारीक वाळू असते. पावसाळ्यात बाजार बंद असताना मूठभर जवळा, कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या तव्यावर परतल्या की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.