आधी माती, मग घड्याळ

उन्हाळा तोंडावर आला की माठ घ्यायला बाजारात गेलेली गृहिणी कुंभाराच्या शब्दावर कधीच विसंबून राहत नाही. माठ उचलून ती बोटाने दोन-तीन ठिकाणी वाजवते, कान देऊन आवाज ऐकते आणि मगच भावाची घासाघीस सुरू होते. तीच गृहिणी जुन्या वस्तूंच्या दुकानात चिनी मातीचे सुरेख घड्याळ पाहते, तेव्हा मात्र तिचा पहिला प्रश्न असतो, ‘‘चालते का हो हे?’’ दुकानदार हसतमुखाने किल्ली देतो, लंबकाला हलकासा धक्का देतो आणि टिकटिक सुरू होते. ठोकेही पडतात. सौदा ठरतो. मग घरी धूळ पुसताना कधीतरी मागच्या बाजूने वर चढत गेलेली केसाएवढी चीर नजरेस पडते. पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

बंद पडलेले घड्याळ चालू करता येते. तुटलेली स्प्रिंग बदलता येते, चाकांचे दात नव्याने कापता येतात, वर्षानुवर्षांचे वाळलेले तेल धुऊन काढता येते. चिनी मातीला गेलेला तडा मात्र कोणताही कारागीर नाहीसा करू शकत नाही. तो फक्त लपवू शकतो, आणि हे लपवण्याचे काम जगात फार कौशल्याने चालते. म्हणूनच या छंदातले मुरलेले लोक दुकानात शिरल्यावर आधी मातीकडे पाहतात, यंत्राकडे नंतर.

अशा घड्याळाचा जन्मच मुळी दोन घरांत होतो. बाहेरचा साज घडवतो कुंभार आणि आतले यंत्र बनवतो घड्याळजी. कित्येकदा या दोघांच्या गावांत शेकडो मैलांचे अंतर असे. युरोपला चिनी मातीचे रहस्य फार उशिरा उलगडले. चीन आणि जपानमधून जहाजांनी येणारी पांढरीशुभ्र भांडी सोन्याच्या तोडीने विकली जात. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाच्या आश्रयाखाली (खरे तर कैदेतच!) बोट्गर नावाच्या किमयागाराने प्रयोग केले आणि १७१० मध्ये माइसेन येथे युरोपातला अस्सल चिनी मातीचा पहिला कारखाना उभा राहिला. योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार १७३१ मध्ये तिथे आला आणि फुले, देवदूत, प्रेमी युगुले यांच्या गर्दीत तबकडी बसवलेली घड्याळे राजवाड्यांत दिसू लागली. फ्रान्समध्ये राजाश्रयाचा कारखाना १७५६ मध्ये सेव्ह्र येथे गेला. तिथली रंगीत फलके सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझमध्ये जडवून घड्याळे सजवली जात. हा सारा राजेरजवाड्यांचा मामला होता.

सामान्य मध्यमवर्गीय घराच्या फळीवर हे घड्याळ आले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आज बाजारात ज्यांची गाठ पडण्याचा खरोखर संभव असतो, ती घड्याळे याच काळातली. त्यांतली एक जोडी तर मोठी गमतीची आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अन्सोनिया नावाची प्रचंड मोठी घड्याळ कंपनी होती. यंत्रे तिची स्वतःची. पण मातीचे साज ती जर्मनीतल्या बॉन शहरातून, बेथोवनच्या जन्मगावातून, मागवी. तिथे फ्रान्झ अँटन मेहलेम यांचा १८३६ पासूनचा कारखाना होता आणि त्याचा माल ‘रॉयल बॉन’ या नावाने ओळखला जाई. हिरव्या, जांभळ्या, तपकिरी रंगांच्या एकमेकांत विरघळणाऱ्या छटा, त्यांवर हाताने रंगवलेली गुलाबाची फुले, कडांना सोनेरी नक्षी. यंत्र आठ दिवसांच्या किल्लीचे, तास आणि अर्ध्या तासाचे ठोके देणारे. काही नमुन्यांत तर तबकडीच्या मधोमध दातेरी चाकाची हालचाल उघडी दिसते, आणि ती पाहत लहान मुले तासन् तास उभी राहतात. नावे मात्र ‘ला व्हांदे’, ‘ला शार्नी’ अशी. म्हणजे माती जर्मन, यंत्र अमेरिकन आणि नाव फ्रेंच! अन्सोनियाचा गाशा १९२९ च्या सुमारास गुंडाळला गेला आणि तिची यंत्रसामग्री चक्क सोव्हिएत रशियाने विकत घेतली. बॉनचा कारखानाही १९३१ मध्ये बंद पडला.

विक्रेते या घड्याळांना सर्रास ‘पोर्सेलिन’ म्हणतात. ते पूर्णपणे खरे नाही. अस्सल पोर्सेलिन फार मोठ्या उष्णतेवर भाजले जाते. ते पातळ असेल तर उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार झिरपतो आणि टवका उडाला तरी आतून काचेसारखे घट्ट दिसते. रॉयल बॉनचे साज त्या मानाने कमी भाजलेल्या, सच्छिद्र मातीचे असतात. टवका उडाला की आत खडूसारखा कोरडा थर दिसतो. यात कमीपणा काही नाही. पण फरक माहीत असावा. कारण अशी माती पाणी पिते. वरच्या झिलईला चीर पडली की ओल, तेल आणि धूळ आत शिरते आणि ती चीर काही वर्षांत तपकिरी रेघ होऊन बसते. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर घाबरू नये, तो वयाचा परिणाम असतो. बोटाच्या नखाला अडणारी, आतून बाहेरपर्यंत गेलेली चीर वेगळी.

दुकानदाराने परवानगी दिली तर यंत्र बाहेर काढून मगच साज पाहावा. टवके नेहमी लपलेल्या जागी असतात: पितळी कड्याखाली, मागच्या झडपेच्या कडेला, पायांच्या तळाशी. याचे कारण साधे आहे. जड पितळी यंत्र नाजूक मातीत बसवताना कुणीतरी घाईत स्क्रू जास्त आवळलेला असतो. रिकामा साज मऊ कापडावर ठेवून बोटाने अलगद टिचकी मारावी. अखंड असेल तर आवाज स्वच्छ येतो, तडा असेल तर बद्द. माठाचीच परीक्षा ती! डागडुजी लपवलेली असेल तर नोटा तपासण्यासाठी दुकानांत असतो तसा जांभळा दिवा अंधारात फिरवून पाहावा. नंतर लावलेला रंग आणि भरलेले लुकण मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकून उठते. माइसेनच्या धर्तीवरच्या पुतळ्यांची बोटे आणि फुलांच्या पाकळ्या तर हमखास नव्याने बसवलेल्या निघतात.

तळाच्या खुणांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. माइसेनच्या दोन तलवारींची नक्कल करणारे कारखाने एकोणिसाव्या शतकात कितीतरी होते आणि सेव्ह्रची खूण असलेल्या बऱ्याच घड्याळांनी सेव्ह्र गाव पाहिलेलेही नसते. एक खूण तेवढी उपयोगी पडते. अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर त्या देशाचे नाव असले पाहिजे, असा कायदा १८९१ पासून अमलात आला. त्यामुळे रॉयल बॉनच्या शिक्क्याखाली ‘जर्मनी’ असे छापलेले दिसले तर ते घड्याळ बहुधा त्यानंतरचे, हे ओळखता येते. ते अठराव्या शतकातले आहे, असे सांगणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून बाहेर पडावे.

फ्रेंच घड्याळांत आणखी एक सोय आहे. यंत्राच्या मागच्या पितळी पत्र्यावर जो क्रमांक ठोकलेला असतो, तोच पुष्कळदा लंबकावरही असतो. दोन्ही जुळले तर लंबक मूळचाच, असे खुशाल मानावे. न जुळले तर कुठल्या तरी दुसऱ्या घड्याळाचा अवयव इथे आला आहे. याहून वाईट प्रकार म्हणजे मूळ यंत्र फेकून देऊन आत बॅटरीचे यंत्र बसवणे. तबकडीवर किल्लीची छिद्रे आहेत, पण मागे किल्ली लागत नाही, असे आढळले तर समजावे की घड्याळ आतून पोकळ झाले आहे. वेळ ते अगदी बिनचूक दाखवील. पण वेळ तर दोन-तीनशे रुपयांचे प्लास्टिकचे घड्याळही दाखवते.

घरी आणल्यानंतरचा शत्रू म्हणजे स्वच्छतेची हौस. पितळ दिसले की चिंच घ्यायची, ही आपल्याकडची पिढ्यान् पिढ्यांची सवय. समई-तांब्यासाठी ती उत्तम आहे. सोनेरी मुलाम्याच्या कड्याला मात्र तिने कायमचे नुकसान होते. मातीच्या साजावरची सोनेरी नक्षीही घासणीने उडते. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झटकावी, फार तर किंचित ओलसर कापड फिरवावे, साज पाण्यात कधीच बुडवू नये. काटे उलटे फिरवू नयेत. घड्याळ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचे झाले तरी आधी लंबक काढून घ्यावा आणि उचलताना खाली हात धरावा. वरच्या सुबक नक्षीला धरून उचललेली घड्याळे नक्षी हातात ठेवून खाली पडतात.

ज्यांना विकत घ्यायचे नाही, नुसते डोळे तयार करायचे आहेत, त्यांच्यासाठी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आहे. तिथे युरोपी चिनी मातीही आहे आणि घड्याळांचे स्वतंत्र दालनही. लोक गर्दी करतात ती दर तासाला बाहुला बाहेर येऊन ठोके देणाऱ्या घड्याळासमोर. ती ओसरली की बाकीची कपाटे शांतपणे पाहता येतात. मुंबईकरांना चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहेच, मात्र तिथे नकलाही तितक्याच. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, म्हणून परदेशातल्या मुलीला भेट पाठवण्याआधी चौकशी केलेली बरी.

चीर असलेले घड्याळ घ्यायचेच नाही का? आजीचे असेल तर प्रश्नच येत नाही. दुकानातले असेल, चीर मागे असेल आणि भाव चीर धरून सांगितला असेल, तर जरूर घ्यावे. फक्त ती चीर दोघांनी, विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, एकाच वेळी पाहिलेली असावी. आणि दुरुस्तीसाठी यंत्र उघडले जाईल तेव्हा घड्याळजीजवळ बसून मागचा पितळी पत्रा भिंगाखाली बघावा. पूर्वीचे कारागीर काम झाल्यावर आपले नाव आणि तारीख टोकदार सुईने तिथे कोरून ठेवीत. कधी एक नाव सापडते, कधी चार-पाच, एकाखाली एक.