जाड व्याकरणाचा हट्ट

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक एरवी मोठे स्वतंत्र विचाराचे असतात. गणवेश, घंटा, गुणपत्रिका हे सारे त्यांनी जाणीवपूर्वक नाकारलेले असते. मग मराठी व्याकरणाची वेळ आली की हीच मंडळी एकाएकी जुन्या पंतोजींहूनही कर्मठ का होतात, हे कोडे आहे. मूल वयाच्या मानाने पुढे असले, दहाव्या वर्षी मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचू लागले, की 'त्याच्या पातळीचे' म्हणून बाजारातले सर्वांत जाड व्याकरण त्याच्या पुढ्यात येते. बहुधा स्पर्धा परीक्षांचे उमेदवार घोकतात तसले. एखाद्याने हलका अभ्यासक्रम सुचवला, तर मुलाच्या बुद्धीचा अपमान झाल्यासारखे चेहरे होतात.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नेमके उलट आहे. मूल भाषेत जितके पुढे, तितका त्याचा व्याकरणाचा अभ्यासक्रम हलका असावा. हलका म्हणजे संज्ञा थोड्या, प्रकार-उपप्रकार त्याहून थोडे, आठवड्याला एखादा तास, आणि त्या तासात एकच प्रश्न, पण खरा.

जाड पुस्तक हुशार मुलाला अवघड जाते असे कोणी समजू नये. ते त्याला फार सोपे जाते, हीच तर अडचण आहे. समासांची नावे, प्रयोगांच्या खुणा, विभक्तींचे कारकार्थ हे सारे ते तीन महिन्यांत तोंडपाठ करील आणि विचाराल ते घडाघडा सांगील. आईवडील संतुष्ट होतील. मुलाचा मात्र असा ग्रह होईल, की व्याकरण म्हणजे आधीच ठरलेल्या कप्प्यांत शब्द टाकण्याचा उद्योग. हा ग्रह एकदा बसला की निघता निघत नाही. साहित्याच्या वर्गात शिकवणाऱ्यांना तो पदव्युत्तर विद्यार्थ्यांतही भेटतो.

विभक्तींचा तक्ताच घ्या. 'ला' द्वितीयेत आहे आणि चतुर्थीतही आहे. 'ने' तृतीयेचा म्हणावा, तर 'मुलाने दार उघडले' आणि 'किल्लीने दार उघडले' यांतले दोन 'ने' एकच काम करत नाहीत. चौकस मूल विचारणारच: रूप एक, तर विभक्ती दोन कशा? तक्त्याकडे याचे समाधानकारक उत्तर नाही, कारण तो मुळात संस्कृतसाठी बेतलेला आहे. हा प्रश्न पोरकट नव्हे. अरविंद मंगरूळकर आणि कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी व्याकरणाच्या या संस्कृतनिष्ठ मांडणीची जी झाडाझडती घेतली, ती अशाच प्रश्नांतून. दहा वर्षांचे मूल जिथे आपल्या पायांनी पोहोचू शकते, तिथे त्याला पोहोचू न देता आपण त्याच्या हाती तक्ता देतो.

क्रियापदाकडे वळले तर मौज आणखी वाढते. 'ती पुस्तक वाचते', पण 'तिने पुस्तक वाचले'. ठीक. मग 'ती धडा शिकली', 'ती नाव विसरली' असे का? इथे कर्म असूनही 'तिने' का येत नाही? आणि 'तू कविता वाचलीस' यातला 'ली' कवितेचा, 'स' मात्र 'तू'चा. एकच क्रियापद एकाच वेळी दोन धन्यांचे ऐकते. (हा 'स' पुष्कळ घरांत बोलण्यात येत नाही, हेही मुलाने कान देऊन टिपावे.) परंपरेने याला कर्तृ-कर्मसंकर असे भारदस्त नाव दिले आहे. ते नाव आधी सांगा, मूल ते पाठ करून पुढच्या पानावर जाईल. वाक्य आधी ठेवा आणि नाव महिनाभर सांगूच नका, ते घरभर असली वाक्ये शोधत हिंडेल. 'मला आंबा आवडतो' यात कर्ता कोण, या एका प्रश्नावर तर एक पावसाळा सहज जातो.

मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा (१९११) दाखला देणारे भेटतात. तो ग्रंथ थोर आहे, यात वाद नाही. पण तो पूर्वसूरींशी घातलेला वाद आहे, बालबोध पाठ्यपुस्तक नव्हे. मुलाने तो जरूर उघडावा, मात्र स्वतःचे दोन-चार वाद हाती आल्यावर.

परंपरेचेच बोलायचे, तर वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो, असे संस्कृत परंपरा सांगते. लाघव हे त्या शास्त्रात भूषण मानले गेले. पाणिनीची जवळजवळ ४००० सूत्रे भट्टोजी दीक्षितांनी 'सिद्धान्तकौमुदी'त नव्याने लावली. त्यांचेच शिष्य वरदराज यांनी विद्यार्थ्यांसाठी त्यांतली सुमारे १३०० निवडून 'लघुसिद्धान्तकौमुदी' रचली. शेकडो विद्यार्थी आजही तिथूनच सुरुवात करतात. काशीच्या पंडितांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात कोथरूडच्या पालकांना का वाटावा?

'पाया पक्का नको का?' हा नेहमीचा प्रतिप्रश्न. लेखनाचा पाया म्हणून व्याकरणाची जी शिफारस होते, तिला आधार क्षीण आहे. १९६३ साली अमेरिकेत ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन सांगितले, की औपचारिक व्याकरणाच्या अध्यापनाने लेखन सुधारण्यास नगण्य मदत होते, क्वचित अपायही होतो. २००७ साली ग्रॅहम आणि पेरिन यांच्या अहवालातही पारंपरिक व्याकरणाच्या पाठांचा परिणाम उणे बाजूला निघाला. सुट्या वाक्यांतून एक संमिश्र वाक्य घडवण्याच्या सरावाने मात्र लेखन सुधारलेले दिसले. हे अभ्यास मुख्यतः इंग्रजीचे आहेत, हे मान्य. पण मराठीत उलटे घडते असे म्हणणाऱ्यांनी पुरावा द्यावा. 'आम्ही असेच शिकलो' हा पुरावा नव्हे.

ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दा इथे घुसडला जातो, म्हणून दोन शब्द. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली १४ होते, १९७२ साली चारांची भर पडून १८ झाले. ते लेखनाचे संकेत आहेत आणि मुलाच्या स्वतःच्या लिखाणावर, चूक दिसेल तिथे, शिकवता येतात. त्यासाठी अलंकारांची यादी लागत नाही.

उरली परीक्षा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. तिच्यासाठी लागणाऱ्या संज्ञा अशा मुलाला शेवटच्या सहा महिन्यांत येतील. दहाव्या वर्षी ज्यांना घाई झाली आहे, त्यांनी ती घाई नक्की कोणाची, हे एकदा विचारून पाहावे.