समुद्र तोच, नावाडी वेगळे

'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटातले 'बंदे' हे गाणे अनेकांनी ऐकलेले असते, पण ते केले कोणी, असे विचारले तर उत्तर चटकन येत नाही. चित्रपट १९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांवरचा, शब्द पीयूष मिश्रा यांचे आणि संगीत दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचे. चित्रपट कोर्टकचेरीत अडकला आणि २००७ साली पडद्यावर आला. गाणी मात्र २००५ मध्येच बाजारात आली होती. म्हणजे लोकांना चित्रपट पाहायला मिळत नव्हता, तेव्हाही राहुल राम यांचा तो भरड, पोटातून येणारा आवाज घराघरांत पोहोचला होता.

हा बँड म्हणजे ना धड लोकसंगीत, ना धड रॉक. तबला आहे, ड्रम्स आहेत, गिटार आहे. गाण्यात कबीर आहे, भोजपुरी चळवळीचे गीत आहे, आदिवासी पट्ट्यातले सूर आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ ही मंडळी वाजवत आहेत. मात्र ज्या दोघांनी बँड उभा केला, त्यांपैकी आज एकही त्यात नाही. मग हा तोच बँड म्हणायचा का? जुने चाहते यावर तासन् तास वाद घालतात. आपल्याकडे १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा नाट्यवेड्या घरांतूनही असाच वाद रंगला असणार.

ते दोघे म्हणजे गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती. १९९० मध्ये 'इंडियन ओशन' हे नाव घेऊन त्यांनी सुरुवात केली. पुढच्याच वर्षी बेस गिटार घेऊन राहुल राम आले. १९९३ मध्ये एचएमव्हीने बँडच्याच नावाची पहिली कॅसेट काढली. त्यात शब्द कमी आणि वादन जास्त. एका रचनेचे नाव 'गोइंग टू आयटीओ'. आयटीओ हा दिल्लीतला गजबजलेला चौक. तिथल्या वाहतुकीत अडकलेल्या माणसाला हे नाव लगेच कळते. पुढे १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम आले आणि चौकडी जमली. ती तब्बल पंधरा वर्षे टिकली.

दुसरा अल्बम 'डेझर्ट रेन' स्टुडिओतला नाही. रंगकर्मी सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी पथनाट्य चालू असताना जीवघेणा हल्ला झाला होता. त्यांच्या स्मरणार्थ 'सहमत' ही संस्था दरवर्षी त्या दिवशी दिल्लीत कार्यक्रम करते. १९९७च्या कार्यक्रमातले वादन ध्वनिमुद्रित झाले आणि तोच हा अल्बम. उघड्यावरचे वादन असल्याने स्टुडिओतली सफाई त्यात नाही. पण चौघे एकमेकांकडे बघत, ऐकत कसे वाजवतात ते इथे जितके कळते तितके इतरत्र नाही. सुस्मित सेन यांची गिटार तर मध्येच सरोदचा भास देते.

खरे नाव झाले ते २०००च्या 'कंदिसा'ने. शीर्षकगीत केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवर बेतलेले आहे. भाषा सिरियाक, म्हणजे येशूच्या काळात बोलल्या जाणाऱ्या अरामी भाषेच्या कुळातली. शब्द कोणालाच कळत नाहीत, पण ते सुरू झाले की श्रोत्यांत शांतता पसरते. याच अल्बममध्ये 'मा रेवा' आहे. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या मराठी घरांना 'रेवा' हे नाव परके नाही. मात्र हे गाणे बँडमध्ये आले ते निराळ्या वाटेने. राहुल राम हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पर्यावरणीय विषशास्त्रातले पीएच.डी. नोकरीच्या मागे न लागता ते नर्मदा बचाओ आंदोलनात काही वर्षे काम करत होते. खोऱ्यात ऐकलेले सूर ते सोबत घेऊन आले. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीसारखी गावे ज्या धरणाच्या पाण्यात गेली, त्याच नदीचे हे स्तुतिगान. ते ऐकताना नुसती भक्ती ऐकू येत नाही, खाली काहीतरी बुडाल्याची जाणीवही होते.

२००३च्या 'झीनी'मध्ये कबीर भेटतो. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांवर ज्यांचे कान तयार झाले आहेत, त्यांना इथे ड्रम्स ऐकून आधी दचकायला होईल. पण दुसऱ्यांदा ऐकावे. असीम चक्रवर्ती कबीर गातात तो आव न आणता, शेजारच्याशी बोलावे तसा.

हेच असीम चक्रवर्ती हृदयविकाराच्या आजारानंतर २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण तोवर झाले होते. दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात बँडचा वर्षानुवर्षे सराव चाले, त्याचा पत्ता हेच अल्बमचे नाव : '१६/३३० खजूर रोड'. मंडळींनी तो कोणत्याही कंपनीला विकला नाही. जुलै २०१० पासून महिन्याला एक गाणे याप्रमाणे तो इंटरनेटवर फुकट दिला. आपल्या कष्टाचा माल असा वाटून टाकणे तेव्हा अनेकांना वेडेपणा वाटला. चाहत्यांना मात्र निराळाच अनुभव आला. गेलेल्या माणसाचा आवाज दर महिन्याला नवे गाणे घेऊन घरी येत होता. बँडची उत्तम गाणी 'कंदिसा'त असतील, पण जीव अडकतो तो इथे. त्याच वर्षी बँडवरचा जयदीप वर्मा यांचा 'लीव्हिंग होम' हा माहितीपट चित्रपटगृहांत लागला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. असीम यांना वाजवताना पाहायचे असेल तर तो जरूर शोधावा.

असीम यांच्या जागी दोघांना घ्यावे लागले : तबल्यावर तुहिन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. एक माणूस दोन माणसांचे काम करत होता, हे तेव्हा कळले. बँड सावरतो आहे तोच २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले. पुढच्या वर्षी 'ओशन टु ओशन' हे त्यांचे आत्मकथनही आले. गिटार निखिल राव यांच्या हाती गेली. नाद बदलला, अधिक रॉककडे झुकला. ज्यांना सुस्मित यांची ती सरोदसारखी गिटार हवी आहे, त्यांची इथून पुढे निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे.

२०१४चा 'तंदानु' पाहुण्यांनी गजबजलेला आहे. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट आणि आणखीही काही. पंगत मोठी, पण यजमान कोण हे क्वचित विसरायला होते. त्यापेक्षा २०१५च्या 'मसान' चित्रपटातली गाणी सरस. शब्द वरुण ग्रोवर यांचे. त्यांतले 'तू किसी रेल सी' हे गायले आहे आपल्या इंदूरच्या स्वानंद किरकिरे यांनी. नव्या चमूचे खरे बस्तान त्या चित्रपटात बसले. २०२३ मध्ये 'तू है' आला, तोवर हिमांशु जोशींचा आवाज बँडचा म्हणून ओळखला जाऊ लागला होता.

तेव्हा बँड तोच का, या वादात जुन्या चाहत्यांची बाजू गिटारपुरती मान्य करावी लागते. पण दुसऱ्यांच्या अंगणातली गाणी ऐकायची आणि ती आपली म्हणून मिरवायची नाहीत, ही रीत जशीच्या तशी आहे. 'कंदिसा' आणि 'मा रेवा' मैफलीत आजही होतात, आणि ती सादर करणारे सगळेच पहिल्या कॅसेटच्या वेळी बँडमध्ये नव्हते हे श्रोत्यांतल्या तरुण मुलामुलींना सांगूनही खरे वाटत नाही.

कॅसेट आता दुकानांत मिळत नाहीत, पण बहुतेक गाणी मोबाइलवर ऐकता येतात. सुरुवात 'कंदिसा'ने करावी, मग थेट 'खजूर रोड'. वाद्यांची आवड असणाऱ्याने 'डेझर्ट रेन' रात्री निवांत ऐकावा. घरात वडीलधारी मंडळी असतील तर आधी 'झीनी' लावावा. आणि 'कंदिसा'तले 'हिल्ले ले' मुलांसाठी राखून ठेवावे, शेजाऱ्यांची हरकत नसेल तर आवाज थोडा मोठा करून.