रायडर कपवरची पैज : अभ्यास तुमचा, नफा त्यांचा

सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक मैदानावर युरोपने अमेरिकेला १५-१३ असं हरवून रायडर कप आपल्याकडेच ठेवला. स्पर्धेआधी बहुतेक बेटिंग ॲप्सनी यजमान अमेरिकेला झुकतं माप दिलं होतं. त्यामुळे निकालानंतर दोन वाक्यं हमखास ऐकू आली. एक, ‘बुकींचा अंदाज साफ चुकला.’ आणि दुसरं, ‘ज्यांनी नीट अभ्यास केला त्यांनी पैसे काढले.’ माझ्या मते दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि दुसरं जास्त धोक्याचं आहे. त्यातही आकडेमोड आपल्याला जमते असा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींसाठी.

आधी स्पर्धेची रचना पाहू. दोन्ही संघांत प्रत्येकी १२ खेळाडू. शुक्रवारी आणि शनिवारी जोड्यांच्या मिळून १६ लढती, रविवारी एकास एक अशा १२. एकूण २८ गुण. लढत बरोबरीत सुटली तर अर्धा-अर्धा. जिंकायला साडेचौदा गुण लागतात. १४-१४ झाले तर ज्याच्याकडे कप आहे त्याच्याकडेच तो राहतो.

आता समजा, एक संघ खरोखरच सरस आहे आणि प्रत्येक लढत जिंकण्याची त्याची शक्यता ५५ टक्के आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून अर्धे गुण बाजूला ठेवू. मग २८ लढतींअंती तो संघ स्पर्धा जिंकण्याची शक्यता येते सुमारे ६३ टक्के, बरोबरीची १३ आणि हरण्याची २४ टक्के. म्हणजे सरस संघसुद्धा चारातून जवळजवळ एकदा हरणार. पावसाची शक्यता ७० टक्के सांगितली आणि ऊन पडलं, म्हणून वेधशाळा चुकली असं होत नाही. तसंच एका निकालावरून बुकी चुकला की बरोबर होता हे ठरवता येत नाही. जिंकणाऱ्याने ‘माझा अभ्यास कामी आला’ म्हणणंही तितकंच पोकळ आहे.

भाव म्हणजे भाकीत नव्हे

ॲपवर दिसणारे ऑड्स ही किंमत असते, आणि किमतीत दुकानदाराचा नफा धरलेला असतो. उदाहरणादाखल असे भाव घ्या : अमेरिका १.७०, युरोप २.५०, बरोबरी ११. म्हणजे युरोपवर एक डॉलर लावला आणि युरोप जिंकला, तर मुद्दलासकट अडीच डॉलर परत. हाच भाव अमेरिकेतल्या ॲपवर +१५० असा दिसेल आणि ब्रिटनमध्ये ३/२ असा, अर्थ एकच.

आता एकाला प्रत्येक भावाने भागा. ५८.८ टक्के, ४० टक्के आणि ९.१ टक्के. बेरीज करा : १०७.९. तीनच निकाल शक्य असताना शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाईल कशी? वरचे ७.९ ही बुकीची दलाली. तिन्ही बाजूंना या प्रमाणात पैसे आले, तर १०७.९ डॉलर गोळा करून तो १०० वाटतो. निकाल काहीही लागो, शंभर डॉलरमागे सातेक डॉलर त्याच्या गल्ल्यात.

हे गणित आपल्याला नवं नाही. मुंबईत मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर आकडा लावण्यातून. दहा आकड्यांतला एक लागला की साधारण नऊपट मिळायचे. दहावा भाग मटकेवाल्याचा. आकडा लावणाऱ्याला निदान ठाऊक असायचं की हा नशिबाचा खेळ आहे. ॲपवर आलेख असतात, खेळाडूंची आकडेवारी असते, ‘तज्ज्ञांचे कल’ असतात. दलाली तीच, पण खेळणाऱ्याला वाटतं आपण विश्लेषण करतोय.

विदा तोकडा आहे

‘पण मी गोल्फ वर्षानुवर्षं पाहतोय, माझ्याकडे मॉडेल आहे,’ असं कुणी म्हणेल. युरोपचा संघ या स्पर्धेत १९७९ पासून खेळतो. तेव्हापासून २०२५ पर्यंत स्पर्धा झाल्या २३, लढती ६४४. चार दशकांहून अधिक काळात खेळाडू बदलले, मैदानं बदलली, साधनं बदलली. बारा जणांतून ६६ जोड्या होऊ शकतात. त्यातल्या बहुतेक कधीच एकत्र खेळलेल्या नसतात आणि ज्या खेळल्या त्यांच्या लढती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ‘ही जोडी तिन्ही लढती जिंकलेली आहे’ हे वाक्य प्रसारणात भारदस्त वाटतं. पण नुसत्या नाणेफेकीतसुद्धा सलग तीनदा छापा पडण्याची शक्यता आठात एक आहे. आठ जोड्या असतील तर सरासरी एखादी तशी निघते.

शिवाय या खेळात गुण ठरतात ते नेहमी फटक्यांवरच असं नाही. २०१२ मध्ये शिकागोजवळ मेडिनाह इथे युरोपने ६-१० अशा पिछाडीवरून १४ गुण गाठले, कप राखला, आणि मैदानावर एकच लढत उरली : टायगर वुड्स विरुद्ध फ्रान्चेस्को मोलिनारी. वुड्स ती जिंकला असता तर १४-१४. शेवटच्या होलवर वुड्सचा छोटा पटिंगचा फटका हुकला आणि मोलिनारीचा उरलेला छोटा फटका त्याने न मारताच मान्य केला. निकाल युरोप १४.५-१३.५. कपाचा फैसला आधीच झालेला असल्यामुळे त्या फटक्याचं खेळाडूंना विशेष महत्त्व उरलं नव्हतं. ‘बरोबरी’वर पैसे लावणाऱ्यांचं मात्र सगळं त्यावरच होतं. १९६९ मध्ये रॉयल बर्कडेलला उलट घडलं. जॅक निकलॉसने टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा शेवटचा फटका दिलदारपणे सोडून दिला आणि स्पर्धा १६-१६ अशी सुटली. २०२५ मध्ये व्हिक्टर हॉवलंड मानेच्या दुखण्यामुळे रविवारी उतरू शकला नाही, तेव्हा नियमानुसार एकही फटका न मारता दोन्ही संघांना अर्धा-अर्धा गुण मिळाला. दिलदारपणा आणि मानेचं दुखणं कुठल्या मॉडेलमध्ये बसवणार?

आणि समजा बसवलंत, सातत्याने जिंकू लागलात, तरी पुढची अडचण तयार आहे. जिंकणाऱ्या ग्राहकाची पैज लावायची मर्यादा कमी करणं ही या धंद्यातली सर्रास चालणारी रीत आहे.

बिस्किटातला नव्हे, दुसरा पार्ले

खरी कमाई आहे ती ‘पार्ले’मध्ये. ब्रिटनमध्ये त्याला ॲक्युम्युलेटर म्हणतात. पाच लढतींचे निकाल एकत्र सांगायचे. पाचही बरोबर आले तर घसघशीत रक्कम, एक जरी चुकला तरी शून्य. प्रत्येक टप्प्यावर बुकीचा वाटा ५ टक्के धरला, तर तुमच्या डॉलरचं सरासरी मोल ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे ७७ सेंट. ५ टक्क्यांची दलाली २३ टक्के झाली.

वर मानसशास्त्राचा फास. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की थोडक्यात हुकलेली बाजी जिंकण्याशी निगडित मेंदूचे भाग जागे करते. पाचातले चार बरोबर आले की हरल्याचं दुःख कमी आणि पुढच्या पैजेची ओढ जास्त.

हे सगळं आपल्या घरापासून लांब नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केंद्रीय बंदी उठवल्यावर तीन डझनांहून अधिक राज्यांनी खेळांवरच्या पैजांना परवानगी दिली. कॉलेज क्रीडा संघटना एनसीएएने २०२३ मध्ये १८ ते २२ वयोगटाची पाहणी केली. त्यात ५८ टक्के मुलामुलींनी कधी ना कधी अशी पैज लावली होती. जुगार वाईट, हे आपण मुलांना सांगतोच. पण गणितात हुशार मुलाला ‘हा जुगार नाही, डेटा आहे’ हे सहज पटतं, आणि त्यावर आपल्याकडे तयार उत्तर नसतं.

मी बंदी मागत नाही. बंदीने मटका थांबला नव्हता. मागणं दोन गोष्टींचं आहे. पाकिटावर कॅलरी छापतात तशी प्रत्येक पैजेसमोर दलालीची टक्केवारी छापणं सक्तीचं हवं. पार्लेवर ती सगळे टप्पे मिळून दाखवावी. आणि ॲप उघडताच, जाहिरातीच्या आधी, वर्षभराचा आपला एकूण नफा-तोटा समोर यावा. अभ्यासाचं खरं प्रगतिपुस्तक तेच.

पुढचा रायडर कप २०२७ मध्ये आयर्लंडमधल्या अडेर मॅनरला आहे, पहिल्या स्पर्धेला बरोबर शंभर वर्षं होतील तेव्हा. त्या आठवड्यात मुलांना शेजारी बसवून कुठल्याही ॲपवरचे तीन भाव घ्या, एकाला त्यांनी भागा आणि बेरीज करायला लावा. पैज लावायचीच असेल तर आपसात बटाटेवड्यांवर लावा. एकाने गमावलेला वडा दुसऱ्याच्याच ताटात जातो. मधला कुणी त्यातला तुकडा मोडून घेत नाही.