माळवदाची माती आणि सायलोचे छप्पर

सोलापुरातून होटगीकडे निघाले की सिमेंट कारखान्याचे उंच मनोरे दिसू लागतात. फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रात राखेसाठीही असेच मनोरे आहेत. हे सायलो म्हणजे आपल्या कणगीचेच थोरले भावंड. त्यांच्या भिंती साऱ्या गावाला दिसतात, छप्पर मात्र कोणालाच दिसत नाही. तेवढे उंच चढून बघायचे कोणी?

‘सोलापुरात पाऊस तो केवढा!’ असे म्हणून हा विषय झटकला जातो. वर्षाकाठी पाऊस बेताचाच, हे खरे. पण इथे छपराचा खरा वैरी ऊन आहे. मे महिन्यात तापून फुगलेले काँक्रीट वळवाची सर आली की एकदम आकसते आणि भेगा धरते. मग १४ ऑक्टोबर २०२० सारखा एखादाच दिवस पुरतो. भिजलेले सिमेंट भिंतीला चिकटून दगड होते, खालचे तोंड तुंबते आणि ते फोडायला माणूस आत उतरवण्याची पाळी येते. वरचा थर ढासळला तर तो त्याखाली गाडला जातो. गळतीची ही किंमत कुठल्या निविदेत लिहिलेली असते?

जुन्या सोलापुरातली माळवदे आठवा. मृगाआधी घरधनी स्वतः वर चढे, गवत उपटी, पन्हळी मोकळ्या करी, नवी पांढरी माती पसरून चोपून घेई. गळले तर त्याच्याच अंथरुणावर गळणार होते ना! सायलो गळतो तो कोणाच्या अंथरुणावर? म्हणून काम निघते ते गळल्यावर, आणि जाते सर्वांत स्वस्त दरवाल्याकडे. सायलोच्या माथ्यावर सिमेंटची धूळ बसून पावसाने तिची खपली झालेली असते. तिच्यावरच चकचकीत रंग फासला जातो आणि खपलीबरोबर तोही सुटतो.

रंग ही शेवटची पायरी. आधी खपली खरवडायची, भेगा उघडून भरायच्या, पाइप आणि झाकणांभोवतीचे सांधे बुजवायचे, उतार दुरुस्त करायचा, पाणी साठवून पाहायचे. यात वेळ जातो, म्हणून हे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच काढले पाहिजे. चौरस फुटावर रंगाचा दर ठरवण्याची पद्धत सोडून खरवडण्याचे आणि भेगांचे पैसे निविदेत वेगळे धरावेत. वर चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याचे आणि दोराचेही.