कुलूप कोणाच्या सोयीचे?

"पुस्तके बाहेर दिली की परत येत नाहीत." धर्मग्रामाच्या ग्रंथालयाचे कपाट उघडा, अशी विनंती केली की हेच उत्तर ठरलेले. त्यावर कोणी विद्वान पुस्ती जोडतो : मध्ययुगात ख्रिस्तसभाही ग्रंथ साखळीने बांधून ठेवीत असे! कुलपाला असा परंपरेचा आधार मिळाला की विषय संपतो. तो संपू नये, म्हणून हा लेखनप्रपंच. कारण हा दाखला अर्धवट आहे.

पॅरिस विद्यापीठातील सॉरबॉन महाविद्यालय गरीब ईशज्ञान-अभ्यासकांसाठी १२५७ साली स्थापन झाले. १२९० च्या सूचीनुसार त्याच्या संग्रहात १०१७ ग्रंथ होते. मोठ्या दालनातील निवडक ग्रंथ साखळीने मेजाला जखडलेले, तर लहान दालनातील ग्रंथ उसने नेण्यासाठी राखलेले, अशी तेथील व्यवस्था होती. १३२१ च्या नियमांनी प्रत्येक विषयावरील उत्तम प्रत साखळीत ठेवण्यास सांगितले, कारण एकाच्या हितापेक्षा सर्वांचे हित श्रेष्ठ. म्हणजे, एखाद्या पंडिताने ग्रंथ आपल्या खोलीत अडकवून ठेवू नये, यासाठी ती साखळी होती! ग्रंथ हरवण्याची भीती त्यांनाही होतीच. म्हणून ग्रंथ बाहेर नेणाऱ्याकडून ते त्याहून अधिक किमतीचे तारण घेत : सोने, चांदी किंवा दुसरा ग्रंथ. १४०२ ते १५३६ या काळातील त्यांची उसनवारीची नोंदवही पॅरिसच्या माझारीन ग्रंथालयात आजही जपलेली आहे.

याहून मोठी साक्ष १२१२ च्या पॅरिस धर्मपरिषदेची आहे. आपले ग्रंथ कोणाला उसने देणार नाही, अशी शपथ घेण्यास तिने व्रतस्थांना मनाई केली. गरजवंताला उसने देणे हे दयेच्या प्रमुख कृत्यांपैकी एक आहे, असे तिने बजावले. परंपरेचा दाखला द्यायचा तर हा द्यावा!

आपल्या घरचे उदाहरणही बोलके आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ व १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तो ग्रंथ तरला तो भाविकांनी जपलेल्या हस्तलिखित नकलांमुळे.

कपाटातले पुस्तक हरवत नाही, हे खरे. त्याला वाळवी लागते. एक नोंदवही, थोडी अनामत, एक जबाबदार तरुण आणि रविवारच्या मिस्सानंतरचा एक तास, एवढ्यावर हे काम सुरू होईल. दहांपैकी एक पुस्तक परत आले नाही, तरी नऊ वाचली गेली असतील. आज दहाच्या दहा कुलपाआड आहेत. त्या नऊ वाचकांना आपण काय उत्तर देणार आहोत?